खोट्या वाक्याचं पाणी

“आय एन्जॉय स्विमिंग,” मी म्हणालो.

वाक्य बरोबर होतं. एन्जॉयच्या पुढं टू लावायचा नाही, इंग लावायचं, हे मी सकाळपासून घोकलं होतं. शाबासकी मिळेल म्हणून वर बघितलं, तर बिरनाळे बाईंनी हातातला खडू खाली ठेवला होता.

“कुठं पोहता?”

“अं?”

“कृष्णा घाटावर पोहता, की कुणाच्या विहिरीत?”

“मला पोहता येत नाही, बाई.”

वर्ग खो खो हसला. वर्ग म्हणजे मला धरून सहा-सात डोकी. शेजारी बसलेल्या झाकीर मुल्लानं बाकाखालून पितळेची कळशी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

“जावा. गल्लीच्या तोंडाला हापसा हाय. पयल्याच दिवशी मान मिळाला तुमास्नी.”

मला वाटलं, नव्या माणसाची चेष्टा चाललीय. पण बाईंच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. त्या म्हणाल्या, “पुस्तकातल्या वाक्यात कुणीतरी राम आंबा खातो. तो राम कोण आणि आंबा कुठला, कुणाला काय पडलंय? असली वाक्यं परीक्षेपर्यंतही टिकत नाहीत. इथं प्रत्येकानं स्वतःचं, खरं वाक्य करायचं. खोटं केलं तर कळशीभर पाणी आणून त्या माठात ओतायचं.”

“पण खोटं आहे हे ठरवणार कोण?”

“ज्याचं त्यानं. मी काही फौजदार नाही.”

“आणि पाणी भरलं की?”

“पाणी भरलं की ते वाक्य मिटलं. पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही. कुणीच नाही, मीसुद्धा नाही.”

“आणि मराठीत खोटं बोललं तर वो, बाई?” झाकीरनं विचारलं. हा प्रश्न तो दर नव्या माणसासमोर विचारायचा, हे मला मागाहून कळलं.

“मराठीत काय हवं ते बोला. मराठीला दंड लावत बसले तर हापसा कोरडा पडेल.”

मी कळशी घेऊन गेलो. हापशाला तेल म्हणून कधी मिळालं नसावं. दांडा खाली दाबला की असा काही किंचाळायचा की वर्गात बसलेल्यांना ऐकू जायचं, आणि मग आत हशा पिकायचा. भरलेली कळशी खांद्यावर घेऊन परत आलो तेव्हा अर्धा शर्ट भिजला होता. पाणी माठात ओतलं. बाई म्हणाल्या, “बसा, ब्रदर.” आणि पुढचा शब्द फळ्यावर लिहिला.

ब्रदर हे माझं नाव नव्हे. नाव प्रभुदास सातपुते. तेव्हा मी मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स होतो, आणि पुरुष नर्सला आमच्याकडे ब्रदर म्हणतात. पेशंट म्हणायचे, डॉक्टर म्हणायचे, चहावाला म्हणायचा. माझी आई सोडली तर माझं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. त्या वर्षी इंग्लंडला नर्स हव्या होत्या. माझ्याबरोबरच्या दोन सिस्टर जाऊन पोचल्या, त्यांचे बर्फातले फोटो आले, आणि आईनं रविवारच्या उपासनेत माझ्यासाठी उघड प्रार्थना करायला सुरुवात केली. कामात मी कुणाला हार जाणारा नव्हतो. आडवी येत होती ती इंग्रजीची परीक्षा. तिच्यात एकदा आपटलो होतो. कुणीतरी सांगितलं, बिरनाळ्यांच्या लेकीकडे जा, ती गाढवालाही इंग्रजी बोलायला लावते. म्हणून मी गेलो.

वर्ग भरायचा ती खोली म्हणजे पूर्वीचं कापडदुकान. बाईंचे वडील, आप्पा, तिथं गादीवर बसून लुगडी आणि धोतरं विकायचे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दुकान बंद झालं. माल गेला, पण भिंतीतले लाकडी कप्पे तसेच राहिले. डाव्या हाताच्या कप्प्यांवर रंगानं ‘लुगडी’ लिहिलेलं, उजव्या हाताच्या कप्प्यांवर ‘धोतर-पंचे’. बाईंनी त्याचाच वर्ग केला. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक क्रियापद लिहिलेलं. ज्याच्यापुढं टू येतो ते लुगड्यांत ठेवायचं, ज्याच्यापुढं इंगवालं रूप येतं ते धोतरांत. दोन्ही चालणारे शब्द मधल्या फळीवर, जिथं आप्पा कापड मोजायचे.

“पाठ करू नका,” बाई म्हणायच्या. “बघा जरा. वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस. यांच्या पुढचं काम झालंय का? नाही. अजून व्हायचंय. ते लुगड्यांत. आणि एन्जॉय, फिनिश, मिस, अ‍ॅडमिट. यांच्या पुढचं काम होऊन गेलंय, नाहीतर चालू आहे. ते धोतरांत. सगळेच शब्द शहाण्यासारखे वागतात असं नाही, पण बरेचसे वागतात.”

शालनकाकी नावाच्या एक बाई वर्गात यायच्या. केस पांढरे, नाकात मोत्याची नथणी. लेक ऑस्ट्रेलियात, सून तमिळ. “सून चांगली आहे हो,” त्या सांगायच्या, “पण मला येतंय मराठी नि थोडं कानडी. दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसतोय. किती दिवस हसायचं?” काकींना नियम फार लवकर कळला. “एन्जॉय धोतरात, होप लुगड्यात,” असं जपमाळ ओढल्यासारखं त्या म्हणायच्या. एकदा त्यांनी “आय लव्ह कुकिंग” म्हटलं. मग स्वतःच थांबल्या, पदर खोचला आणि कळशी उचलली. झाकीर उठला, “काकी, द्या, मी आणतो.” बाई म्हणाल्या, “खोटं ज्याचं, पाणी त्याचं.” काकी दारातून म्हणाल्या, “बरोबर आहे. चाळीस वर्षं रांधतीय, कंटाळा आलाय मेला, आणि तोंडातून बघा काय निघालं.”

मला बाई आवडायच्या. आडून आडून सांगण्यात काही अर्थ नाही. त्या माझ्याहून वर्षभरानं मोठ्या असतील. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलताना खडू दोन बोटांत असा फिरवायच्या की ओढणीवर कायम पांढरी धूळ. सुंदर होत्या का, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या समोर असल्या की खोली भरलेली वाटायची, आणि त्या आत आप्पांना बघायला गेल्या की आम्ही सगळे रिकामटेकडे वाटायचो. त्या मला ब्रदर म्हणायच्या. झाकीर माझ्या कानात म्हणायचा, “राखी कवा बांधून घेताय?” त्याच्या लक्षात आलं होतं.

आप्पांशी माझी ओळख माझ्या कामामुळं झाली. एकदा वर्ग चालू असताना आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाई धावल्या, मागोमाग मी. आप्पा कॉटवरून अर्धे खाली आले होते. बाई त्यांना खांद्याला धरून ओढत होत्या. मी म्हणालो, “असं नको. तुमची कंबर जाईल आणि त्यांचा खांदा. सरका.” चादरीसकट त्यांना कसं वळवायचं, उशी पाठीला कुठं लावायची, टाचांना हवा कशी मिळू द्यायची, ते दाखवलं. त्यानंतर दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी वर्गाच्या आधी जायचो. आप्पांना अंघोळ घालायची, पाठीला पावडर लावायची, दाढी करायची. बाई शेजारी उभ्या राहून वाटी धरायच्या. त्या वेळात आम्ही इंग्रजी बोलायचो नाही. फारसं मराठीही बोलायचो नाही.

आप्पांची जीभ थोडी जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. “ब्रदर,” ते म्हणायचे, “तुजा हात हलका हाय. न्हाव्याच्या घरात जलमाला यायचं सोडून कुठं गेलास?”

“आप्पा, गप्प बसा, कापेल,” बाई म्हणायच्या.

“कापू दे. तेवडंच रगात दिसंल, जिवंत हाय म्हणून कळंल.”

एका वर्गात झाकीरनं हट्ट धरला. “रोज आमीच वाक्यं करायची व्हय? बाई, आज तुमी करा. अव्हॉइड घ्या.”

बाईंनी पुठ्ठ्याचा तुकडा उचलला, धोतरांच्या कप्प्यात ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आय अव्हॉइड लुकिंग अ‍ॅट द क्लॉक ऑन थर्सडेज.”

गुरुवारी घड्याळाकडं बघायचं मी टाळते. शालनकाकींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि नथणी सारखी केली.  बाईंनी कळशी उचलली नाही. म्हणजे वाक्य खरं होतं. मी ते वाक्य घरी घेऊन गेलो. घड्याळाकडं माणूस का बघत नसेल? वेळ लवकर जाऊ नये म्हणून, की कुणी येईपर्यंत जीव टांगणीला लागतो म्हणून? की गुरुवारी आप्पांच्या अंघोळीचा घोळ असतो, एवढंच? आठवडाभर वॉर्डात सलाइनचे थेंब मोजताना मी ते उलटसुलट करत होतो. विचारायची छाती झाली नाही.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत समोरच्या गोऱ्या बाईनं विचारलं, तुमच्या ओळखीच्या एखाद्या वयस्कर माणसाबद्दल सांगा. मी आप्पांच्या दाढीबद्दल सांगितलं. कुठं टू आणि कुठं इंग, मला आठवावं लागलं नाही. शब्द अडला की डोळ्यांसमोर कप्पे यायचे आणि हात आपोआप डावीकडं नाहीतर उजवीकडं जायचा. पास झालो. पाठोपाठ इंग्लंडहून नेमणूक आली, व्हिसा झाला, तिकीट आलं. आईनं गल्लीत पेढे वाटले.

आणि माझे पाय जड झाले. ज्याच्यासाठी एवढी उरस्फोड केली ते हातात आलं, आणि मला ते नकोसं वाटायला लागलं. अगदीच नको असंही नव्हतं. जायचं होतं. पण त्या खोलीतून उठून जायचं नव्हतं. मनाशी एकच ठरवलं, बाई एक शब्द बोलल्या, नुसतं ‘राहा’ म्हणाल्या, तर तिकीट परत करायचं. दवाखान्यातली नोकरी मी अजून सोडलेली नव्हती. आई रडली असती, मग गप्प बसली असती. बाई जैन, मी ख्रिस्ती, गावानं दोन महिने तोंड वाजवलं असतं. त्याचं मला भय नव्हतं. भय एवढंच होतं की मी विचारावं आणि बाईंनी चष्म्यावरून बघून म्हणावं, “ब्रदर, हे कुठून काढलंत?”

जायच्या आधीच्या शेवटच्या गुरुवारी मी आप्पांची दाढी करत होतो. आप्पा म्हणाले, “जातोस व्हय?”

“जातोय, आप्पा.”

“नगं जाऊस.”

वस्तरा माझ्या हातात तसाच राहिला. बाई वाटी धरून उभ्या होत्या. वाटीतलं पाणी हललं.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “त्यांचं आयुष्य आहे.”

“मग मी कुठं माजं म्हंतोय? मला वाटलं ते बोललो. हितं दवाखाने काय थोडे हाईत? म्हनं इंग्लंड.” आणि त्यांनी धड असलेल्या हातानं माझं मनगट धरलं. “ऱ्हा की बाबा.”

ज्यांनी म्हणावं असं मला वाटत होतं त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाले ते आप्पा. मी बाईंकडं बघितलं. आत्ता विचारलं नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

“बाई, मी नाही गेलो तर?”

“तर सहा महिने माझा खडू फुकट गेला.”

“तसं नव्हे. खरंच विचारतोय.”

त्यांनी वाटी खिडकीत ठेवली. मग आप्पांच्या गालावरचा साबण टॉवेलच्या टोकानं टिपत म्हणाल्या, “माझी आई बेळगावला शाळेत शिकवायची. लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडून इथं आली. आप्पांनी तिला कशाला कमी केलं नाही. पहिली काही वर्षं ती हसतमुख होती म्हणतात. मला आठवते ती शाळा सुटायच्या वेळेला दारात उभी राहणारी. रस्त्यानं पोरं जायची आणि ती बघत राहायची. कुणी तिला थांबवलं नव्हतं हो. ती आपणहून थांबली होती.” आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. “मी कुठं जाणार नाही, ब्रदर. आप्पा शंभर वर्षं जगावेत असं मला वाटतं. हे वाक्य मी इंग्रजीतसुद्धा करीन.”

मी दाढी पुरी केली. त्या जे बोलल्या त्याला नाही म्हणावं की हो, तेच मला कळलं नाही. मला हवा होता एक शब्द, आणि त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली.

शनिवारी माझा शेवटचा वर्ग होता. रविवारी संध्याकाळी मुंबईची गाडी. आमच्या वर्गात एक पद्धत होती. कुणी सोडून चाललं की बाकीच्यांनी त्याला एकेक वाक्य द्यायचं. हार नाही, नारळ नाही, प्रत्येकाकडून एक वाक्य. जाणाऱ्यानं शेवटी एक वाक्य परत करायचं.

झाकीर उभा राहिला. “आय विल मिस टीझिंग यू.” मला चिडवण्याची त्याला आठवण येणार होती. त्यानं कळशीकडं बघितलंसुद्धा नाही.

शालनकाकी म्हणाल्या, “आय होप टु ईट जिलेबी अ‍ॅट युवर वेडिंग.” मग मराठीत, “आणि लवकर बरं का. माझे दात हलायला लागलेत.” बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, फळ्याकडं बघत होत्या. फळ्यापुढं बाई उभ्या होत्या.

आणखी दोघातिघांची झाली. मग सगळे बाईंकडं बघायला लागले. बाहेर सूर्य कलला होता आणि दारातून आलेलं ऊन लुगड्यांच्या कप्प्यांवर पडलं होतं. बाईंनी खडू ठेवला, हात झटकले, ओढणीला पुसले. मला वाटलं, आता. इंग्रजीत तरी म्हणतील. मराठीत जे तोंडातून निघत नाही ते माणूस इंग्रजीत बोलून जातो, तेवढ्यासाठीच तर ती भाषा आम्हाला सोपी जायला लागली होती. मी बाकाची कड घट्ट धरली.

बाई माझ्याकडं बघून, एकेक शब्द स्पष्ट करत म्हणाल्या, “आय वॉन्ट यू टु गो.”

तुम्ही जावं अशी माझी इच्छा आहे. वॉन्टच्या पुढं माणूस, माणसाच्या पुढं टू. वर्गात ते वाक्य शंभरदा घोकून झालं होतं, नुसती माणसं बदलायची. कुणीतरी “वा” म्हणालं.  एवढंच होतं तर. गुरुवारचं घड्याळ म्हणजे आप्पांची अंघोळ, दुसरं काही नाही. ब्रदर तो ब्रदरच.

“ब्रदर, आता तुमचं,” झाकीर म्हणाला.

मी उभा राहिलो. तोंडाला आलं ते बोललो. “आय अ‍ॅम हॅपी टु गो.”

टाळ्या पडल्या. काकींनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांनी माझ्या हातात खडीसाखरेची पुडी कोंबली, गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि डोळे पुसत बाहेर पडल्या. झाकीरनं मला मिठी मारली. पोरं पांगली. मी आत जाऊन आप्पांच्या पाया पडलो. ते भिंतीकडं तोंड करून झोपले होते, किंवा झोपल्यासारखे पडले होते. परत येताना खोलीत बाई पुठ्ठ्याचे तुकडे कप्प्यांत लावत होत्या.

“येतो, बाई.”

“या. सांभाळून राहा. थंडीचे कपडे घेतलेत ना?”

“घेतले.”

“या मग.”

सायकल काढली आणि निघालो. वर न बसता हातानं ढकलत चाललो होतो. गल्लीतून वळून पिठाच्या गिरणीपाशी आलो असेन. दिवेलागणीची वेळ, गिरणी बंद झालेली, त्यामुळे गल्ली शांत होती. आणि मागं हापसा किंचाळला.

तो आवाज मी कुठंही ओळखला असता. गल्लीत नळ आल्यापासून त्या हापशाला आमच्या वर्गाशिवाय कुणी हात लावत नव्हतं. आणि वर्ग तर सुटला होता. सगळे माझ्यादेखत गेले होते. मी उभा राहिलो. हापसा पुन्हा किंचाळला, मग पुन्हा, न थांबता.

सायकल गिरणीच्या भिंतीला टेकवली आणि उलटा पळत सुटलो.

बाई हापसत होत्या. ओढणी कमरेला बांधलेली, चष्मा नाकावर घसरलेला. खाली पितळेची कळशी केव्हाच भरली होती, पाणी तिच्या तोंडावरून चहूकडं वाहत होतं, त्यांच्या चपला त्यात बुडाल्या होत्या. तरी दांडा वरखाली चाललाच होता.

“बाई,” मी म्हणालो, “कळशी भरली.”

त्या थांबल्या. माझ्याकडं वळल्या नाहीत. “माहीत आहे.”

एवढे महिने मी त्यांच्याकडून जे ऐकायची वाट बघत होतो ते मला त्या ओल्या चपलांनी सांगितलं. मला हसू यायला लागलं. काय करावं ते कळेना, म्हणून मी पुढं होऊन दांड्याला हात घातला.

“सरका. माझंपण आहे.”

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं.  मग त्यांनी भरलेली कळशी उचलली. मी घ्यायला गेलो तर मान हलवली. खोटं ज्याचं, पाणी त्याचं. एका बाजूला कलून, पायऱ्या चढून त्या आत गेल्या. माठात पाणी पडल्याचा आवाज आला. मग रिकामी कळशी घेऊन बाहेर आल्या आणि हापशाच्या तोंडाखाली माझ्यासाठी ठेवली. दोन्ही हातांनी धरून बसल्या, कलंडू नये म्हणून.

मी हापसलं. मुद्दाम हळूहळू हापसलं. हापसा तसा गरीब होता, चार दांड्यांत धार पडायची, पण मी जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. धारेचे शिंतोडे त्यांच्या चष्म्यावर उडत होते आणि त्या पुसत नव्हत्या. पलीकडच्या दारात एक म्हातारी उभी राहून आमच्याकडं बघत होती. बघू दे म्हटलं.

कळशी भरली. मी ती आत नेली. माठ त्यांच्या पाण्यानं आधीच भरला होता. तरी मी ओतली. पाणी काठावरून उतू गेलं, फरशीवरून वाहत बाकांखाली शिरलं. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो. ऊन कप्प्यांवरून गेलं होतं, पण थोडा उजेड अजून होता. आता काय हवं होतं? आता तर सगळं उघड झालं होतं. मी म्हणालो, “बाई, मघाचं ते वाक्य—”

“प्रभुदास,” त्या म्हणाल्या.

माझं नाव त्यांना ठाऊक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आईनंतर ते नाव असं कुणी घेतलं नव्हतं, आणि पुढंही कुणी घेतलं नाही. तिकडं इंग्लंडात मी अनेक वर्षं प्रभुदासचा डेस होतो, मग सातपुतेचा मिस्टर सॅट.

“प्रभुदास, पाणी भरलं,” त्या म्हणाल्या. “तुमचंही भरलं, माझंही भरलं. आता तो विषय काढायचा नाही.”

नियम त्यांचाच होता, पहिल्याच दिवशी मी तो मान्य केला होता.  त्यांचे डोळे ठाम होते, आणि त्या डोळ्यांत त्यांची ती दारात उभी राहणारी आई मला दिसली. मी थांबलो तर कधी ना कधी मीही रस्त्याकडं बघत उभा राहीन, एवढीच त्यांना भीती होती. मी राहिलो नसतो हो उभा. आजही मला तसंच वाटतं. पण ते सिद्ध करायला एक आयुष्य लागलं असतं, आणि माझ्याकडं एक संध्याकाळ होती.

“पाणी तरी द्या,” मी म्हणालो.

त्यांनी माठातून पेला भरून दिला. मी प्यालो. दुसरा मागितला. त्यांनी दिला, तोही प्यालो. पोट डबडबलं होतं, तरी मी पेला पुन्हा पुढं केला. बाईंनी तो घेतला, पण भरला नाही. दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “निघा आता. गाडी चुकेल.”

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. पण हे वाक्य मराठीत होतं. त्याला दंड नव्हता.